लहान एफा, जड शेकेल

आमोस या संदेष्ट्याचा विषय निघाला की बोलणारा हमखास माणसाच्या मनावर घसरतो. लोभ वाईट, गर्व वाईट, पैसा माणसाला आंधळं करतो. ऐकणारे माना डोलावतात आणि घरी जाऊन जेवतात. बायबलमधल्या या छोट्या पुस्तकाचं हे वाचन सोयीचं आहे आणि माझ्या मते चुकीचं आहे. आमोस मनाबद्दल थोडं बोलतो, मापाबद्दल जास्त.

हा इ.स.पू. आठव्या शतकातला माणूस. दक्षिणेकडच्या यहूदा राज्यातल्या तकोवा गावचा. मेंढरं आणि उंबराची झाडं सांभाळणारा. (आपल्या उंबराचं चुलत भावंड असलेलं ते झाड. त्याची फळं पिकावीत म्हणून त्यांना चिरा देत असत.) तो उत्तरेच्या इस्राएलात गेला तेव्हा तिथे दुसरा यराबाम राजा होता. राज्याच्या सीमा वाढलेल्या, वरच्या थरात सुबत्ता. राजधानी शोमरोनमधले श्रीमंत हस्तिदंती पलंगांवर लोळतात, असं आमोस म्हणतो. ही अतिशयोक्ती नव्हे. विसाव्या शतकातल्या उत्खननात तिथे हस्तिदंताचे कोरीव तुकडे शेकड्यांनी निघाले. तेल आणि द्राक्षारसाच्या नोंदी लिहिलेली खापरंही निघाली.

पण पुस्तकाचा खरा गाभा मला ८व्या अध्यायातल्या धान्यव्यापाऱ्यांत दिसतो. शब्बाथ कधी संपतोय आणि आपण दुकान कधी उघडतोय, याची त्यांना घाई झालेली असते. एफा म्हणजे धान्याचं माप, शेकेल म्हणजे वजन. नाणी अजून यायची होती. गिऱ्हाईक चांदी तोलून देई आणि समोरच्या पारड्यात व्यापाऱ्याचा दगड असे. एफा लहान केला की धान्य कमी जातं, दगड जड केला की चांदी जास्त येते. एकाच व्यवहारात दोनदा चोरी, तीही गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत. वर तराजू खोटा आणि धान्यात भुसा. यात बुडालेला गरीब शेवटी जोड्याच्या किमतीला विकला जातो.

इथे लोभी मन शोधायची गरजच काय? दगड एकदा घडवला की गल्ल्यावर बसलेलं पोर कितीही भोळं असो, लूट होतच राहते.

हे मला कळतं, कारण असा एक दगड मी घडवला आहे. एका कंपनीत बिलिंगचा कोड माझ्याकडे होता. ग्राहकाचं बिल करताना अर्धवट मिनिट वर राउंड करायचं आणि काम करणाऱ्याचा मोबदला काढताना तेच मिनिट खाली. दोन ओळींचा कोड. ‘हे मुद्दाम आहे का?’ असं मी विचारलं. ‘रिक्वायरमेंटमध्ये आहे,’ असं उत्तर आलं. मी मर्ज केलं. त्या खोलीत कोणीही गर्विष्ठ नव्हतं. दुपारी आम्ही एकमेकांच्या डब्यातलं खायचो.

आमोस गर्वावर बोलतच नाही का? बोलतो. पण याकोबाच्या गर्वाचा त्याला तिटकारा येतो, त्याच दमात त्याच्या वाड्यांचाही येतो. त्याच्या लेखी गर्वाला पत्ता आहे, भिंती आहेत, आत लुटीचा माल आहे. सण आणि भजनं नकोत असं तो देवाच्या तोंडून सांगतो, ते गाणारे बेसूर होते म्हणून नव्हे.

बेथेलचा याजक अमस्या त्याला काय म्हणाला तेही बघा. यहूदात परत जा, तिथे भाकरी कमव, हे राजाचं देवस्थान आहे. मापं खरी आहेत, असं मात्र तो म्हणत नाही. एफा आणून मोजून बघू, असंही नाही. पुढे इ.स.पू. ७२२च्या सुमारास अश्शूरांनी शोमरोन घेतलं.

मी राउंडिंगचा विषय पुन्हा काढला तेव्हा मला दुसऱ्या टीममध्ये जाण्याचा सल्ला मिळाला. अगदी प्रेमाने. आमोसने निदान उलट उत्तर दिलं होतं. मी टीम बदलली.