‘प्रॉप ट्रेडर’ होऊन पोट भरता येतं का? दरेकसापासून बीकेसीपर्यंतचं गणित

गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यातलं दरेकसा हे हावडा-मुंबई रेल्वेमार्गावरचं, छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेलं गाव. हाजरा फॉल आणि कचारगडची गुहा यासाठी ते ओळखलं जातं. उत्पन्नाचं मुख्य साधन धान आणि जंगल. मुंबईचा शेअर बाजार इथून रेल्वेने सुमारे हजार किलोमीटर दूर आहे.

पण डीमॅट खातं उघडायला आता मुंबईला जावं लागत नाही, फोन पुरेसा असतो. आणि त्याच फोनवर एक नवी जाहिरात फिरतेय: “पैसे आमचे, ट्रेडिंग तुमचं. नफ्यातले ८० टक्के तुमचे. घरबसल्या प्रॉप ट्रेडर व्हा.”

नोकरी नसलेल्या कुठल्याही पदवीधराला हे वाचून थांबावंसं वाटेल. म्हणून समजून घेऊया, प्रॉप ट्रेडिंग म्हणजे नेमकं काय, त्यात पैसा कोण कमावतं आणि या जाहिरातीत तुमची जागा कुठे असते.

प्रॉप ट्रेडिंग म्हणजे काय?

प्रॉप म्हणजे प्रोप्रायटरी, अर्थात स्वतःच्या मालकीचं. ब्रोकर ग्राहकांच्या पैशाने सौदे करतो आणि दलाली कमावतो. प्रॉप फर्म स्वतःच्या भांडवलाने सौदे करते. नफा झाला तर तिचा, तोटा झाला तरी तिचाच. ट्रेडर हा तिचा कर्मचारी. त्याला पगार मिळतो आणि त्याने कमावलेल्या नफ्यावर बोनस.

मुंबईला हा धंदा नवा नाही. १९९५ मध्ये बीएसईत ‘बोल्ट’ ही संगणकीय प्रणाली आली. त्याआधी सौदे रिंगमध्ये ओरडून व्हायचे. तेव्हा तिथे स्वतःच्या हिशोबावर दिवसभर खरेदी-विक्री करणारे जॉबर असायचे. आजचा प्रॉप ट्रेडर त्यांचाच वारसदार, फक्त ओरडण्याची जागा कोडने घेतली आहे.

यात पैसा आहे का?

आहे, आणि भरपूर आहे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये फ्युचर्स आणि ऑप्शन्स, म्हणजे एफअँडओ बाजाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२३-२४ या एका वर्षात प्रॉप ट्रेडर्सनी खर्च वजा जाता नव्हे, तर ढोबळ हिशोबाने सुमारे ३३ हजार कोटी रुपये कमावले. परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी कमावले. आणि सामान्य ट्रेडर्सनी गमावले सुमारे ६१ हजार कोटी.

३३ आणि २८ यांची बेरीज करून पाहा. एफअँडओमध्ये एकाचा नफा हा दुसऱ्या कोणाचा तरी तोटा असतो, हे या आकड्यांत सरळ दिसतं.

याच अभ्यासानुसार, प्रॉप ट्रेडर्सचा ९६ टक्के नफा अल्गोमधून, म्हणजे संगणकाने आपोआप टाकलेल्या ऑर्डर्समधून आला. या फर्म्स आपले सर्व्हर एनएसईच्या बीकेसीतल्या केंद्रातच भाड्याने ठेवतात. त्याला को-लोकेशन म्हणतात. तिथे वेळ मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागांत मोजतात. दरेकसाहून सरळ फायबर टाकली तरी सिग्नलला मुंबई गाठायला एका बाजूने सुमारे ४ मिलिसेकंद लागतील. म्हणजे सुमारे ४ हजार मायक्रोसेकंद. तुमचं बोट स्क्रीनवर टेकायच्या आत समोरच्याचा सौदा होऊन गेलेला असतो.

अर्थात, सगळा नफा वेगातूनच येतो असं नाही. जुलै २०२५ मध्ये सेबीने ‘जेन स्ट्रीट’ या अमेरिकी प्रॉप फर्मवर अंतरिम आदेश काढला. बँक निफ्टीची पातळी हाताळून ऑप्शन्समध्ये नफा कमावल्याचा आरोप ठेवत ४,८४३ कोटी रुपये जमा करायला सांगितलं. जेन स्ट्रीटने आरोप नाकारले, रक्कम जमा केली आणि सिक्युरिटीज अपेलेट ट्रिब्युनलमध्ये अपील केलं. निकाल काहीही लागो, समोरच्या बाजूला किती ताकदीचा खेळाडू बसलेला असतो हे यातून कळतं.

मग ही नोकरी मिळते कशी?

मुंबई आणि गुरुग्राममधल्या फर्म्स आयआयटीसारख्या संस्थांतून थेट भरती करतात. तिथे चार्टवरच्या आकृत्या कोणी विचारत नाही. संभाव्यता, संख्याशास्त्र, सी प्लस प्लस किंवा पायथॉन आणि डोक्यातल्या डोक्यात झटपट गणित हे पाहिलं जातं. एक खूण मात्र पक्की: खरी फर्म उमेदवाराकडून पैसे घेत नाही, त्याला पगार देते.

दुसरा प्रकार छोट्या ब्रोकरच्या डेस्कचा. इथे काही जण ट्रेडरकडून डिपॉझिट मागतात. तोटा आधी त्या डिपॉझिटमधून कापायचा आणि नफा वाटून घ्यायचा. कागदावर तुम्ही ट्रेडर असता, पण पहिली जोखीम तुमच्याच पैशाची. शिवाय ब्रोकरच्या स्वतःच्या खात्यावरचे सौदे कुठून करायचे यावर सेबीचं बंधन आहे. २००३ च्या परिपत्रकानुसार त्यासाठी एकच ठिकाण चालतं, जास्त ठिकाणांसाठी एक्सचेंजची परवानगी लागते. म्हणून गावातल्या गाळ्यात कोणी ‘प्रॉप डेस्क’ थाटला असेल, तर ही परवानगी दाखवायला सांगा.

आणि ती मोबाईलवरची जाहिरात?

हा तिसरा प्रकार: ऑनलाइन ‘फंडेड अकाउंट’. यात आधी फी भरून परीक्षा द्यायची असते. खात्याच्या आकारानुसार फी काही हजारांपासून अर्ध्या लाखापर्यंत जाते. नियम साधारण असे: पहिल्या टप्प्यात १० टक्के नफा, दुसऱ्यात ५ टक्के. मध्ये कधीही १० टक्के तोटा झाला की बाद.

आता समजा, एकाला बाजारातलं काहीच कळत नाही आणि तो नाणं उडवून सौदे करतो. खर्च सोडला तर १० टक्के तोट्याआधी १० टक्के नफा गाठण्याची शक्यता निम्मी. दुसऱ्या टप्प्यात १० टक्के तोट्याआधी ५ टक्के नफा गाठायचा आहे, त्याची शक्यता दोन तृतीयांश. दोन्ही मिळून एक तृतीयांश.

म्हणजे नाणं उडवणाऱ्या १०० जणांपैकी ३३ पास होतील. तीनदा फी भरायची तयारी असेल तर ७० जण कधी ना कधी पास होतील. प्रत्यक्षात स्प्रेड, कमिशन आणि रोजच्या तोट्याची मर्यादा यामुळे हा आकडा बराच खाली येतो. पण मुद्दा उरतोच: पास होणं हा कौशल्याचा पुरावा नाही. इन्स्टाग्रामवर दिसणारे सर्टिफिकेट आणि ‘पेआउट’चे स्क्रीनशॉट या उरलेल्यांचे असतात. बाद झालेले पोस्ट टाकत नाहीत.

शिवाय अनेक ठिकाणी पास झाल्यावरही खातं खरं नसतं, आभासी असतं. मग पेआउट येतो कुठून? मोठा आधार नापास झालेल्यांच्या फीचा. ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेच्या सीएफटीसी या नियामकाने ‘माय फॉरेक्स फंड्स’वर खटला भरला. कंपनीने किमान ३१ कोटी डॉलर फी गोळा केली आणि ग्राहकांच्या जवळपास सर्व सौद्यांत समोरची बाजू कंपनीच होती, असा आरोप होता. पुढे मे २०२५ मध्ये, नियामकाच्याच गैरवर्तनामुळे न्यायालयाने तो खटला फेटाळला. त्यामुळे आरोप सिद्ध झाले नाहीत, पण या धंद्याचं गणित जगासमोर आलं.

भारतात कायदा काय म्हणतो?

रहिवासी भारतीयांना परकीय चलनाचे ऑनलाइन सौदे फक्त मान्यताप्राप्त एक्सचेंज किंवा रिझर्व्ह बँकेने अधिकृत केलेल्या प्लॅटफॉर्मवर करता येतात. अन्यथा फेमा कायद्याखाली कारवाई होऊ शकते. रिझर्व्ह बँक सप्टेंबर २०२२ पासून अनधिकृत प्लॅटफॉर्म्सची ‘अलर्ट लिस्ट’ काढते. नाव यादीत नाही म्हणजे ते अधिकृत आहे, असा मात्र अर्थ होत नाही.

शेअर्सच्या भावांवर आभासी ट्रेडिंग चालवणाऱ्यांबद्दल सेबीने नोव्हेंबर २०२४ मध्ये सावध केलं. अशा ठिकाणी पैसे अडकले तर गुंतवणूकदार संरक्षण किंवा एक्सचेंजची तक्रार यंत्रणा मदतीला येत नाही.

गावाकडच्या तरुणांनी हे का वाचावं?

कारण आकडे त्यांच्याकडेच बोट दाखवतात. सेबीच्या २०२४ च्या अभ्यासानुसार एफअँडओमधले ७२ टक्के वैयक्तिक ट्रेडर पहिल्या ३० मोठ्या शहरांबाहेरचे आहेत. २०२३-२४ मध्ये ४३ टक्के तिशीच्या आतले होते. तीन चतुर्थांशांहून जास्त जणांनी आपलं वार्षिक उत्पन्न ५ लाखांपेक्षा कमी सांगितलं होतं. आणि २०२४-२५ मध्ये ९१ टक्के तोट्यात गेले, सरासरी तोटा सुमारे १ लाख १० हजार रुपये.

हे धानात मोजूया. २०२५-२६ चा साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये. सरासरी तोटा म्हणजे ४६ क्विंटल धान. दहा हजारांची एक परीक्षा फी म्हणजे चार क्विंटलहून जास्त. तेही उत्पादनखर्च न धरता.

पैसे भरण्याआधी विचारायचे चार प्रश्न

१. पैसे कोण कोणाला देतंय? नोकरीत फर्म तुम्हाला देते.

२. सेबीच्या संकेतस्थळावर या संस्थेची नोंदणी सापडते का?

३. सौदे खऱ्या एक्सचेंजवर होतात की आभासी खात्यावर?

४. तोटा झाला तर पहिला रुपया कोणाचा जातो?

बाजारातच काम करायचं असेल तर हळू पण सरळ रस्ता आहे. एनआयएसएमची इक्विटी डेरिव्हेटिव्हज परीक्षा (सिरीज आठ) द्या. ब्रोकरकडे डीलर म्हणून काम करण्यासाठी ती लागते. सोबत संख्याशास्त्र आणि पायथॉन शिका. कोट्यवधींच्या ऑफर यातून लगेच येणार नाहीत, पण महिन्याच्या शेवटी पगार येईल.

आणि फसवणूक झालीच असेल तर लाजून गप्प बसू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितका उशीर, तितकी पैसे गोठवण्याची शक्यता कमी.