तिन्हीसांजेचा एक तास

मैत्रिणींनो, तिन्हीसांज म्हणजे घरातली सगळ्यांत गजबजलेली वेळ. देवापाशी दिवा लावायचा, चहाचं आधण ठेवायचं, मुलांचा अभ्यास, कुकर, कणीक, आणि नेमकी तीच ‘ह्यां’ची घरी यायची वेळ. दिवसातला दुसरा एखादा तास बाईला सुटा मिळेलही, पण हा नाही. मावळता सूर्य आपल्यातल्या कितीतरी जणींनी पाहिला असेल तो गच्चीवरचे वाळलेले कपडे गोळा करता करताच.

संध्याकाळी डोंगरावर एकटी असलेली बाई म्हटलं की आपल्याला एकच नाव आठवतं, हिरकणीचं. रायगडावर दूध घालायला गेलेली ही गवळण. कोजागिरीला गडाचे दरवाजे बंद झाले, तेव्हा अंधारात कडा उतरून ती तान्ह्या बाळाकडे धावली. तिचं कौतुक करावं तेवढं थोडंच! पण कधी कधी वाटतं, गडावरचं ते चांदणं तिनं पाहिलं असेल का हो? तिच्या डोळ्यांपुढं फक्त पाळणा असणार. बाई अशा वेळी एकटी निघाली तर तिच्यापाशी कारण लागतं, आणि तेही घरातलंच लागतं. आज मी सांगणार आहे ते काहीही कारण नसलेल्या एका तासाबद्दल.

त्यासाठी भोर आणि वेल्ह्याचा मुलूख उत्तम. (२०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव द्यायचं ठरवलं, तरी बोलण्यात अजून वेल्हेच येतं.) भोरहून कोर्ले गावावरून वर गेलं, शेवटची लोखंडी शिडी चढली, की रायरेश्वरचं पठार लागतं. चार हजार फुटांहून उंच, मैलोगणती पसरलेलं. १६४५ मध्ये शिवरायांनी स्वराज्याची शपथ घेतली ती इथल्याच महादेवापुढं, अशी परंपरा आहे. पठारावर जंगम मंडळींची वस्ती आहे, आणि त्यांच्या घरी जेवणाची, मुक्कामाची सोय होते. मुक्काम करायचाच, कारण अंधारात शिडी उतरणं नको. घरची मंडळी बरोबर असली तरी हरकत नाही. त्यांना चहा-पोह्यांपाशी बसवावं आणि आपण तासभर एकटीनं माळावर जाऊन यावं.

मी निघाले तेव्हा ज्यांच्याकडे उतरले होते त्या बाई ओटा सारवत होत्या. “एकल्याच चालल्या? मंग काठी घिऊन जावा, आन् बॅटरी हाय का?” एवढंच म्हणाल्या. कशाला, कुणीकडे, सोबत कोण, काही नाही. त्या स्वतः रोज त्याच वेळी गुरं आणायला एकट्या जातात. आपल्या शहरात मात्र आधी ‘एकटीच?’ म्हणून भुवया चढतात, बॅटरीची आठवण कुणालाच होत नाही.

आता वेळेचं गणित. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, संक्रांतीला सव्वासहाच्या पुढं. आपल्याकडे तो जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटंच कामापुरता उजेड राहतो. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या माळांवर डिसेंबरात पावणेचारलाच सूर्यास्त होतो, पण संधिप्रकाश बराच वेळ रेंगाळतो. आपल्याकडे ती चैन नाही. म्हणून पाच-सव्वापाचला निघावं. हात लांब करून बोटं आडवी धरावी. क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये चार बोटं मावली की सूर्यास्ताला साधारण अर्धा तास उरला असं समजावं, आणि तिथूनच परत फिरावं. वेल्हे गावात राहिलात तर आणखी लवकर निघा. हिवाळ्यात सूर्य नैऋत्येकडे झुकतो, आणि त्या बाजूला तोरणा उभा. त्याची सावली घड्याळाच्या आधी गावावर येते.

बरोबर काय घ्यावं? पायांत बंद बूट, कमरेला बांधलेला स्वेटर, बॅटरी, काठी, शिट्टी, पाण्याची बाटली. मोबाइलच्या रेंजवर विसंबू नये. वाटेवरूनच चालावं, कड्याच्या टोकाशी जाऊ नये. वाळलं गवत उतारावर तेल सांडल्यासारखं निसरडं असतं. धूर दिसला तर वणवा असू शकतो, त्या बाजूला वळू नये. या डोंगरांत बिबट्याही आहे, तेव्हा अंधार पडण्याआधी वस्तीवर. आणि कुठल्या बाजूला जातो, कधी येतो, हे कुणाला तरी सांगून निघावं. सांगून जाणं म्हणजे परवानगी मागणं नव्हे, बरं का!

एवढं केलं, की मग काहीच करायचं नाही. फक्त चालायचं. गवत आधी सोनेरी, मग तांबूस, मग राखी होत जातं. उत्तरेला राजगड-तोरणा निळे पडतात. खोलगटात उतरलं की थंडी एकदम घोट्यांना भिडते, कारण गार हवा जड, ती खाली साठते. वर चढलं की पुन्हा ऊब. पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका दिसू लागतो. रातवा पक्षी एकसुरात ‘चक्-चक्-चक्’ करू लागतो. पहिली दहा मिनिटं डोक्यात गॅसचा नंबर, धाकट्याची फी, उद्याची भाजी असंच काहीबाही येतं. मग हळूहळू ते गळून पडतं आणि आपल्याच पावलांचा आवाज ऐकू येतो. लग्नानंतर किती वर्षांनी तो ऐकला, ते ज्या त्या बाईनं मोजावं.

घरी काय म्हणतील? एक दिवस वरणभाताला अर्धा तास उशीर झाला म्हणून कुणी उपाशी राहत नाही. डोंगरावर जाणं जमत नसेल तर गावाबाहेरचा माळ आहे, नदीकाठ आहे. माणसांची ये-जा असलेली जागा निवडा, पण तास तुमचा ठेवा.

आणि जाता जाता एक घरगुती सूचना. साडीच्या काठाला, सलवारीला कुसळं चिकटतीलच. तशीच धुवायला टाकू नका, ओली झाली की धाग्यात रुततात. कोरड्या कापडावरून बारीक दातांचा कंगवा एकाच दिशेनं फिरवा. उरलेली चिमट्यानं काढा.