रेवदंड्याला थांबा

अलिबागला येणारी बहुतेक मंडळी किनाऱ्यावर फिरून, कुलाबा किल्ला पाहून मासळीच्या जेवणाकडे वळतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की एक अख्खा दिवस चौल-रेवदंड्याला द्या. रेवदंड्याचा रस्ता पोर्तुगीज तटबंदीच्या पोटातूनच जातो, त्यामुळे गाडीत बसून किल्ला कधी आला आणि कधी संपला ते कळतही नाही. म्हणून उतरा, चाला. नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून पडकी चर्चं डोकावतात, आणि सातखणी मनोऱ्याचे उरलेले मजले अजून ताठ उभे आहेत. पण मला खरं ओढतं ते चौल बंदर. वास्को द गामाच्या सुमारे तीस वर्षं आधी अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी विकायला घोडा घेऊन इथेच उतरला आणि इथली माणसं, कपडे, खाणं त्याने टिपून ठेवलं. 1508 मध्ये याच पाण्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा लढाईत पडला. 1740 मध्ये इथलं पोर्तुगीज ठाणं मराठ्यांकडे आलं. कुंडलिका खाडीच्या पलीकडे कोर्लई आहे. त्या गावातल्या ख्रिस्ती घरांमध्ये मराठीशी मिसळलेली पोर्तुगीज बोली आजही बोलली जाते, आणि कोणत्याही बुरुजाइतकीच ती मला मोलाची वाटते. नव्या पिढीच्या तोंडी ती किती दिवस राहील, याची काळजी वाटते. कोर्लईच्या किल्ल्यावर भरदुपारी चढू नका. सकाळी लवकर गेलात तर खाडीचं मुख आणि पलीकडचा रेवदंड्याचा तट एकत्र दिसतो.