हिट फॉर्म्युल्याची ऐशीतैशी

अप्रेझल झक्कास झालंय, बॉस खूश आहे, ईएमआय वेळेवर जातोय. अशा वेळी कुणी म्हणालं, 'चल, हे सगळं मोडून नव्याने सुरू करू,' तर? वेड्यातच काढाल ना त्याला? यूटूने नेमकं हेच केलं होतं!

१९८७च्या 'द जोशुआ ट्री'ने डब्लिनच्या या चौघांना टॉपवर नेऊन बसवलं. अल्बम ऑफ द इयरचं ग्रॅमी, खच्चून भरलेली स्टेडियम्स. मग १९८८मध्ये 'रॅटल अँड हम' आला. खपला जोरात, पण समीक्षकांनी धू धू धुतला. फारच भाव खायला लागलेत हे, असा एकूण सूर. १९८९ संपता संपता बोनोने डब्लिनच्या स्टेजवरूनच सांगून टाकलं, आता थोडं लांब जाऊन सगळं नव्याने मांडायचंय.

ऑक्टोबर १९९०मध्ये मंडळी बर्लिनला पोचली. दोन्ही जर्मनी एक होत होत्या आणि हान्सा स्टुडिओत हा बँड तुटायच्या बेतात होता! बोनो आणि एजला डान्स बीट्स, इंडस्ट्रियल आवाज हवे होते. ॲडम आणि लॅरीला ते पटेना. त्यात एजचं लग्न मोडत होतं. नुसती भांडणं, गाणं काही होईना. शेवटी दुसऱ्याच एका गाण्याशी झटापट चालू असताना एजच्या कॉर्ड्समधून 'वन' निघालं आणि बँड वाचला. हे गाणं लोक लग्नात वाजवतात म्हणे! खरं तर ते आहे न पटणाऱ्या माणसांनी एकमेकांना सांभाळून घेण्याबद्दल.

नोव्हेंबर १९९१मध्ये 'आख्टुंग बेबी' आला. पाठोपाठ झू टीव्ही टूर. कालचा गंभीर बोनो काळा गॉगल आणि लेदर चढवून स्वतःचीच टिंगल करायला लागला. पब्लिक फिदा!

पगाराची नोकरी सोडून मी फ्रीलान्सिंगमध्ये उडी मारली, तेव्हा हा अल्बम सतत कानात असायचा. जुनं सगळं जाळायलाच हवं, असं तेव्हा वाटायचं. आता कळतंय, त्यांनी साउंड मोडला, बँड नाही. जुन्या गाण्यांशीही वैर धरलं नाही. डिसेंबर २०१९मध्ये ते नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर पहिल्यांदा आले, ते 'जोशुआ ट्री' घेऊनच. आणि २०२३मध्ये लास व्हेगासचं स्फिअर उघडलं, ते 'आख्टुंग बेबी'ने.

तेव्हा राजीनामा टाइप करताय? खुश्शाल करा. फक्त सोडायचं काय आणि धरून ठेवायचं कुणाला, हे आधी ठरवा.