डब्याला एसी नाही

मंगरूळपीरला रेल्वे नाही. त्यामुळे पुण्यात शिकणाऱ्या, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासाला गेलेल्या पोरांसाठी घरून जे काही जातं ते रात्रीच्या ट्रॅव्हल्सने. गाडी लागली की आई-बाप पिशवी घेऊन पुढे होतात, क्लीनर तिच्यावर नाव-नंबर लिहितो, पैसे घेतो आणि पिशवी डिक्कीत ढकलतो. प्रवासी वर एसीत झोपतात. डबा खाली, कुणाच्या तरी तुरीच्या कट्ट्याशेजारी, दिवसभर तापलेल्या पत्र्यात. चिवडा, लोणचं, जवसाची चटणी यांना त्याचं काही नाही. आजीच्या शिदोरीतही दशम्या आणि कोरडी चटणीच असायची, रस्सा नसायचा. आता मात्र मटण जातं, पनीरची भाजी जाते, मसालेभातही जातो.

"गरमागरमच बांधून देल्लं, काई होत नाई," ही आईची खात्री. घोटाळा तिथेच आहे. साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअस हा जिवाणूंच्या वाढीचा पट्टा. अनुकूल स्थितीत काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. घट्ट झाकणाखालची उकळती भाजी सावकाश निवते आणि रात्रभर याच पट्ट्यात पडून राहते. शिजवलेलं नाशवंत अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, हवा 32 अंशांवर असेल तर एकच तास, असं अमेरिकेचं कृषी खातं सांगतं. वऱ्हाडातल्या मे महिन्याला यातला दुसराच हिशोब लागू. खोलीवर नेऊन पुन्हा उकळलं की झालं, हेही खरं नाही. भातातला बॅसिलस सेरियस आणि हातावरून अन्नात उतरणारा स्टॅफिलोकोकस अशी विषं सोडतात, जी उकळूनही जात नाहीत. आंबूस वास येईलच असंही नाही.

रश्शाची भाजी पाठवायचीच असेल तर आदल्या दिवशी शिजवावी, पसरट भांड्यात लवकर निववावी आणि फ्रीजरमध्ये पार कडक गोठवावी. थर्माकोलचा खोका गच्च भरावा. पोकळी राहिली की थंडावा लवकर जातो. पाणी भरून गोठवलेल्या बाटल्या वरच्या बाजूला ठेवाव्यात, कारण गार हवा खाली उतरते. मग झाकणाला चारी बाजूंनी चिकटपट्टी. कारखान्याच्या लादीचा बर्फ अन्नाला लागू देऊ नये. न खाण्याच्या बर्फाला निळा रंग द्यायचा, असा राज्यात 2018 पासून नियम आहे. बाजारात निळा बर्फ कितीसा दिसतो, ते ज्याने त्याने आठवावं. सकाळी खोका उघडल्यावर भाजीत बर्फाचे कण असतील तर ती पुन्हा फ्रीजरला चालते. कोमट लागली तर फेकावी, रूममेटांना वाटू नये.

पण सगळा भार आईवरच का? खेड्यांतून तालुक्याला शिकायला येणाऱ्या पोरांचे जेवणाचे डबे एसटीने वर्षानुवर्षे फुकट वाहिले. ट्रॅव्हल्सवाले तर पार्सलचे रोख पैसे घेतात. जाड अस्तराची एक पेटी एसीच्या भागात, एका स्लीपरच्या जागी ठेवली तर तिच्यात दहा-बारा डबे सहज मावतील. एका तिकिटाचे पैसे बुडतील हे कबूल. पण दहा-बारा पार्सलांचे येतील, आणि तेही चढ्या दराने. पोरासाठी आई घासाघीस करणार नाही.