दीपस्तंभाकडे चालू नका

रायपूरपासून समुद्र लांब आहे, पण आमच्या मराठी सभांमध्ये दीपस्तंभांना तोटा नाही. सत्कार असो की श्रद्धांजली, दर दुसरा वक्ता कुणाला तरी 'दीपस्तंभ' म्हणतोच. अर्थ ठरलेला: यांच्याकडे पाहा, यांच्या दिशेने चला. अशाच एका सभेत पाहुण्या वक्त्यांनी सांगितले की बृहन्महाराष्ट्रातल्या मराठी माणसांसाठी पुणे हाच दीपस्तंभ. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. आज त्या परत घेते.

कारण जहाज खरोखरच दीपस्तंभाच्या दिशेने चालत राहिले, तर फुटेल.

मुंबईत कुलाब्याच्या दक्षिणेला प्रॉन्ग्सचा खडक आहे. ओहोटीला तिथवर चालत जाता येते, भरतीला तो पाण्याखाली जातो. थॉमस ऑर्मिस्टन या अभियंत्याने तिथे बांधलेला दगडी मनोरा १८७५ पासून उभा आहे आणि आजही रात्री उजळतो. तो 'या' म्हणत नाही. तो म्हणतो, इथे खडक आहे, अंतर राखा. आणखी दक्षिणेला, थळसमोर, खांदेरी बेट. १६७९ मध्ये इंग्रजांचा विरोध मोडून शिवाजी महाराजांनी तिथे किल्ला उभा केला. त्याच बेटावर १८६७ मध्ये इंग्रजी अमदानीत दीपगृह झाले. तेही अजून चालू आहे.

खलाशी या दिव्यांचे काय करतो? दर किती सेकंदांनी दिवा चमकतो, यावरून तो कोणता ते ओळखतो. मग होकायंत्राने त्याची दिशा घेऊन नकाशावर रेघ ओढतो. एका दिव्याने फक्त रेघ मिळते. आपण तिच्यावर कुठे तरी आहोत, एवढेच कळते. दुसऱ्या दिव्याची रेघ तिला जिथे छेदते, तिथे आपली जागा. जायचे कुठे, हे दिवा सांगत नाही. ते जहाजाने आधीच ठरवलेले असते.

कुणी म्हणेल, उपग्रहांच्या काळात दिवे हवेत कशाला? उपग्रहाचा संकेत चुकू शकतो, कुणी मुद्दाम बिघडवूही शकतो. म्हणूनच ते अजून विझवलेले नाहीत. कुणी म्हणेल, रूपकाचा एवढा कीस कशाला? कारण त्याची किंमत आम्ही मोजतो. आमच्या गावातली मुलगी घरच्या मराठीत कविता लिहिते आणि तिला पहिला सल्ला मिळतो तो भाषा सुधारण्याचा. माझ्या एका अनुवादावर शेरा आला होता, 'मराठी पुण्याची वाटत नाही.' वाटेल कशी? ती पुण्याची नव्हतीच. ती तीन पिढ्या हिंदी आणि छत्तीसगढीच्या शेजारात नांदलेली होती.

माधवराव सप्रे याच रायपूरचे. घरची भाषा मराठी. त्यांनी १९०० मध्ये पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले. रामदासांचा 'दासबोध' आणि टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत आणले. पुण्याचा दिवा त्यांनी आमच्यापेक्षा नीट पाहिला होता. पण जहाज पुण्याला नेऊन लावले नाही. ज्या बंदराला जायचे होते, तिथेच गेले. आणि आमच्या सभांमध्ये त्यांनाही 'दीपस्तंभ' म्हणून हार घालतात, त्यांचा अनुवाद मात्र कुणी उघडत नाही.

पुण्याचा दिवा जळत राहो. तो आम्हाला हवाच आहे. पण आमच्या दुसऱ्या बाजूलाही एक दिवा आहे, हिंदीचा, छत्तीसगढीचा, आणि तो आमच्या भाषेवरचा डाग नव्हे. दोन्ही दिसतात म्हणूनच आम्ही कुठे आहोत ते आम्हाला ठाऊक आहे. ज्याला एकच दिवा दिसतो, त्याच्या हाती रेघ लागते, ठिकाण नाही. मग तो राहायला पुण्यात का असेना.