हायस्कूलच्या पोरांनी प्लॅस्टिक गोळा केलं, पण ते नेणार कोण?

शाळा उघडून महिना-दीड महिना झाला की गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. हायस्कूलच्या मैदानात गणवेशातली मुलं-मुली ओळीनं उभी, समोर प्लॅस्टिकनं भरलेली पोती, कडेला मुख्याध्यापक आणि सरपंच. खाली ओळ असते, ‘विद्यार्थ्यांचा स्तुत्य उपक्रम’. उपक्रम खरंच स्तुत्य असतो. अडचण फोटो काढून झाल्यावर सुरू होते. पोती कुठं ठेवायची, कुणी न्यायची, गाडीभाडं कुणी द्यायचं, यातलं काहीच ठरलेलं नसतं. मग ती स्वच्छतागृहाच्या मागं जाऊन पडतात. पावसात भिजतात, कुत्री फाडतात आणि दिवाळीच्या सुट्टीत कुणीतरी काडी लावतं. प्लॅस्टिक जाळू नका म्हणून ज्या मुलांनी घरोघरी सांगितलं, त्यांच्याच शाळेच्या आवारात ते जळतं.

म्हणून असा उपक्रम टिकणार की नाही, हे मुलांच्या उत्साहावर कमी आणि पोतं उचलायची जबाबदारी कुणी घेतली यावर जास्त ठरतं. मुलं आपलं काम चोख करतात. कच खातात ती मोठी माणसं.

पोत्यात नेमकं काय असतं?

‘प्लॅस्टिक’ हा एकच शब्द सगळ्याला वापरला जातो, पण भंगारवाल्याच्या लेखी त्याचे दोनच प्रकार: घेण्याजोगं आणि न घेण्याजोगं. पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या, तेलाचे कॅन, शाम्पूच्या जाड बाटल्या, तुटक्या बादल्या, ठिबकच्या जुन्या नळ्या हे तो घेतो. दुधाच्या पिशव्याही घेतो, पण धुऊन वाळवलेल्या. आंबूस वास मारणारी पिशवी तो हातातही धरत नाही. हायस्कूलमध्ये खरा पैसा तर प्लॅस्टिकमध्ये नसतोच, तो रद्दीत असतो. जुन्या वह्या आणि पुठ्ठे यांचं वजन भरतं आणि गिऱ्हाईकही लगेच मिळतं.

बाटल्यांचा हिशोब मुलांना वर्गातच करता येईल. एक लिटरची रिकामी बाटली साधारण २० ते २५ ग्रॅम भरते. म्हणजे एका किलोला ४० ते ५० बाटल्या लागतात. पोतं दिसायला मोठं, काट्यावर ठेवलं की हलकं. बाटल्या चेपून ठेवल्या नाहीत तर भंगारवाला दोन पोत्यांसाठी गाडी वळवत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. त्याचं डिझेल तेवढ्यात सुटत नाही.

आता न घेण्याजोगं. वेफर्सची, बिस्किटांची, मसाल्याची पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, सॉसचे पाऊच. शाळेच्या आवारात सर्वात जास्त सापडतं ते हेच. पाच रुपयांच्या वेफर्सचं रिकामं पाकीट जेमतेम दोन-तीन ग्रॅमचं. त्यात वेगवेगळ्या प्लॅस्टिकचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, बऱ्याचदा आत चकाकणारा अॅल्युमिनियमचा पातळ मुलामा असतो. हे थर सोडवून पुन्हा माल बनवणं परवडत नाही, म्हणून भंगारात त्याला शून्य भाव. त्यामुळे गोळा केलेल्या पोत्यातलं निवडक विकलं जातं आणि उरलेलं शाळेच्या गळ्यात पडतं.

या पाकिटांना वाट नाही असं नाही. सिमेंटच्या भट्टीत कोळशाबरोबर ती जाळता येतात, कारण तिथलं तापमान उघड्यावरच्या शेकोटीपेक्षा कितीतरी जास्त असतं. पण अशा भट्ट्या चंद्रपूर जिल्ह्यात, नाहीतर सीमेपलीकडे कलबुर्गीच्या पट्ट्यात. चार पोत्यांसाठी तिकडं कोण जाणार? दुसरी वाट रस्त्याची. मदुराईच्या त्यागराजर इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी प्लॅस्टिकचा चुरा गरम खडीवर टाकून मग डांबर चढवायची पद्धत बसवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मात्र त्यासाठी माल कोरडा हवा, मातीचा नको आणि यंत्रावर बारीक केलेला हवा. एकट्या हायस्कूलला हे झेपणारं काम नाही.

मग बऱ्याच शाळा बाटलीत पाकिटं कोंबून ‘इको ब्रिक’ करतात, झाडाभोवती त्यांचा कट्टा बांधतात. दिसायला छान. पण उन्हात बाटली कडक होऊन तडकते आणि आतलं सगळं मातीत येतं. वर, जी बाटली भंगारात विकली गेली असती तीही वाया जाते.

कायदा ग्रामपंचायतीचं नाव घेतो

केंद्राचे प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियम २०१६ मध्ये आले. त्याआधीचा भर शहरांवर होता. या नियमांनी ग्रामपंचायतींनाही जबाबदार धरलं. गावातलं प्लॅस्टिक वेगळं गोळा करणं, पुनर्प्रक्रियेसाठी पुढं पाठवणं आणि उघड्यावर जाळू न देणं हे ग्रामपंचायतीचं काम आहे. शाळा त्यात मदत करते, एवढंच.

पैशाची तरतूदही आहे. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणचा दुसरा टप्पा २०२०-२१ पासून सुरू झाला. त्यात घनकचऱ्यासाठी ५ हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला माणशी ६० रुपयांपर्यंत आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी ४५ रुपयांपर्यंत निधी ठरला. म्हणजे ३ हजार वस्तीच्या गावाला १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत. शिवाय प्रत्येक तालुक्याला प्लॅस्टिक व्यवस्थापनाचं एक केंद्र, त्यासाठी १६ लाख रुपयांपर्यंत. पाकिटांचा चुरा करणं, गाठी बांधणं आणि पुढं रस्त्याच्या ठेकेदाराला किंवा सिमेंट कारखान्याला देणं, हे सगळं या केंद्रात व्हावं अशी ती योजना.

म्हणजे हायस्कूलच्या पोत्याचा रस्ता कागदावर आखलेला आहे: शाळेतून ग्रामपंचायतीच्या गाडीत, गाडीतून तालुक्याच्या केंद्रात, केंद्रातून कारखान्यात. यातला एक दुवा तुटला की शाळा पोत्यांचं गोदाम होते. कुठं गाडी घेतलेली असते पण चालकाचा पगार ठरलेला नसतो. कुठं शेड बांधलेली असते आणि तिला कुलूप असतं. यंत्र बसवायला निधी मिळतो, ते रोज चालवायला माणूस आणि विजेचं बिल कुणी भरायचं यावर घोडं अडतं.

कंपन्यांचीही सुटका नाही. जो पाकिटात माल विकतो त्यानं त्या पाकिटाची विल्हेवाट लावायची जबाबदारी घ्यावी, असं हेच नियम सांगतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याची सविस्तर कार्यपद्धती आली. पण कंपनीला ठराविक टनभर प्लॅस्टिक उचलल्याचा दाखला हवा असतो आणि तो शहराजवळ स्वस्तात मिळतो. वाडी-वस्तीवरचं पाकीट त्या हिशोबात सहसा येत नाही.

तामिळनाडूतल्या थुथुकुडीच्या शाळकरी मुलींनी २०१८ मध्ये यावर भारी उपाय काढला. दोनेक आठवडे त्यांनी खाऊची रिकामी पाकिटं जमवली. २० हजारांहून जास्त झाली, त्यातली निम्म्याहून अधिक एकाच बिस्किट कंपनीची. कंपनीनिहाय वेगळी केली आणि पत्रासह ज्याची त्याला परत धाडली. कंपन्यांना मोजून दाखवणं हे कुठल्याही हायस्कूलला जमण्यासारखं आहे. वही, पेन आणि पोतं एवढंच लागतं.

आपल्याकडे राज्याने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली, तेव्हा दुधाच्या पिशवीवर ५० पैसे परतीची किंमत छापायचं ठरलं होतं. गावात पिशवी परत देऊन ते ५० पैसे मिळालेला माणूस दाखवा म्हटलं तर शोधावा लागेल.

मुलांनी काय आणायचं, काय नाही

पुण्यात ‘सागरमित्र’ नावाच्या अभियानात शाळकरी मुलं कित्येक वर्षं एक साधा नियम पाळतात: फक्त घरातलं, रिकामं, स्वच्छ आणि कोरडं प्लॅस्टिक साठवायचं आणि महिन्यातून एकदा शाळेत आणायचं. खेड्यातल्या हायस्कूलला हा नियम जसाच्या तसा घेता येतो. त्यात मुलांना उकिरड्यावर, गटारात किंवा बाजारतळावर वेचायला पाठवायची गरजच उरत नाही.

खेड्यात एक धोका मात्र शहरापेक्षा वेगळा आहे. वजन भरावं म्हणून मुलं गोठ्यातल्या, मळ्यातल्या औषधाच्या बाटल्याही उचलून आणतात. कीटकनाशकाची बाटली रिकामी दिसली तरी तळाशी विष राहतं. ती शाळेच्या दारातूनही आत येता कामा नये, आणि हे पालकांनीच घरी बजावायला हवं. सुया, सलाईनच्या नळ्या, सॅनिटरी पॅड यांचंही तेच.

कामाच्या वाटणीकडेही बघावं लागेल. झाडलोट मुलींनी करायची, घाण पोती ठराविक घरातल्या मुलांनी उचलायची आणि वजनाची वही ‘हुशार’ मुलानं धरायची, असं शाळांमध्ये नकळत घडतं. आठवड्याला पाळी बदलली आणि त्यात सगळी आडनावं आली, तरच तो मुलांचा उपक्रम म्हणायचा.

आणखी एक गोष्ट मोठ्यांना अवघड जाईल. आवार झाडताना मुलांना गुटख्याच्या आणि तंबाखूच्या पुड्या सापडतात. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला मनाई आहे. प्लॅस्टिकच्या पुडीत गुटखा-तंबाखू भरायलाही २०१६ चे नियम मनाई करतात. तीन-तीन बंद्या असूनही पुडी शाळेच्या कुंपणाशी पडलेली असते. मुलांनी ती तारखेसकट वहीत मोजून ठेवली तर पानटपरीवाल्यापासून बीट अंमलदारापर्यंत बऱ्याच जणांची पंचाईत होईल. शाळा व्यवस्थापनाला हे नको वाटलं तर नवल नाही, पण मोजायचं थांबवायला ते कारण पुरेसं नाही.

नोंदवहीचा दुसरा उपयोग ग्रामसभेत होतो. दर महिन्याला किती किलो विकलं, किती पोती पडून राहिली आणि गाडी कितीदा आली, हे लिहिलेलं असलं की ‘बघू, करू’ असं उत्तर देणं जड जातं. मुलांना मत नाही, पालकांना आहे. तालुक्याचं प्लॅस्टिक केंद्र चालू आहे का, गावाची गाडी तिथं कितव्या तारखेला जाते आणि तिच्या वाटेत हायस्कूल येतं का, हे ग्रामसेवकाला २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विचारता येईल. तिथं उत्तर मिळालं नाही तर पंचायत समितीत १० रुपयांचा स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज देता येतो. त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.